सदतीस नंबरचं पॅकिंग

डकवलेला कागद सुटला म्हणून प्रीतम मेहेरला स्वतःचं तोंड दिसलं.

पाकीट खांदेश्वरच्या खदीजा मुकादम मॅडमचं होतं. आत ठरल्याप्रमाणे हॉकीच्या गोलरक्षकाचं कार्ड होतं, आणि ते टपालात वाकू नये म्हणून पाठीशी नेहमीचं पॅकिंग. मॅडम निवृत्त शिक्षिका, आणि प्रीतमसारख्याच खेळाडूंची कार्डं जमवणाऱ्या. त्यांनी दोन जाड कार्डं तोंडाला तोंड लावून, वर वहीला घालतात तसं खाकी कव्हर घालून, लाल शाईनं लिहिलं होतं: ‘पॅकिंग. परत पाठवणे.’ प्रीतम दर वेळी त्याच पॅकिंगला आपलं कार्ड जोडून परत पाठवायचा. सारसोळे ते खांदेश्वर अर्ध्या तासाचा रस्ता, पण दोघं कधी भेटले नव्हते. कार्ड भेटून बदललं तर बाजार, टपालानं बदललं तर छंद, असं मॅडमचं मत होतं.

दमट हवेनं कव्हर उचकटलं होतं. डिंक लावण्याआधी प्रीतमनं सहज आत डोकावलं. एका कार्डावर क्रीमचं बिस्कीट होतं. दुसऱ्यावर लाल बनियनमधला, नुकती मिशी फुटलेला एक पोरगा मांडीवर थाप मारत उभा होता. खाली छापलं होतं: ‘३७. प्रीतम मेहेर, सारसोळे. चढाया ३, गुण ०.’

वीस वर्षांपूर्वी, जिल्ह्याच्या कबड्डी स्पर्धेच्या वेळी, एका बिस्कीट कंपनीनं चाळीस खेळाडूंची कार्डं पुड्यांत घातली होती. प्रीतमनं त्या स्पर्धेत तीन चढाया केल्या आणि तिन्ही वेळा पकडला गेला. बिस्किटं मात्र दीडशे पुडे खाल्ली. एकोणचाळीस खेळाडू निघाले, तो स्वतः निघाला नाही. पुढे कंपनी बुडाली. दोन गोष्टींचा संबंध नसावा. आता तीन मजल्यांचे भाडेकरू त्याला शेठ म्हणत होते, आणि शेठ हव्या असलेल्या कार्डांच्या यादीत नुसतं ‘३७’ लिहीत होते. नाव लिहायची लाज वाटायची.

दोन वर्षांत नऊ अदलाबदली झाल्या होत्या. म्हणजे नऊ वेळा त्यानं स्वतःला पाकिटात घालून, वर तिकीट चिकटवून, खांदेश्वरला पाठवलं होतं.

बायको जागृती चहा घेऊन आली. कार्डाकडे बघितलं, मग नवऱ्याच्या डोक्याकडे.

“तवा केस होतं,” ती म्हणाली. काय भानगड ते ऐकून घेतल्यावर तिला त्यात काहीच अवघड दिसेना. “ठेवा ना मंग. थोबाड तुमचाच हाय.”

पण कार्ड मॅडमचं होतं. प्रीतमनं फोन लावला. पॅकिंगचा कागद सुटलाय, नवीन पॅकिंग करून पाठवू का, असं विचारलं. मॅडमनी साफ नकार दिला. दोन वर्षांत एकही कार्ड वाकलं नव्हतं त्यात. आत काय होतं ते त्यांना धड आठवत नव्हतं. पेणच्या कुणीतरी फुकट पाठवलेल्या गठ्ठ्यातला कोणी कबड्डीवाला आणि एक बिस्कीट. बिस्कीट जास्त जाड म्हणून निवडलं होतं.

प्रीतमनं घसा साफ केला. तो कबड्डीवाला आपल्या सेटला कमी आहे, म्हणाला.

“तुमच्या यादीतला सदतीस तो हाच?”

“हो.”

“काय विशेष आहे हो त्याच्यात?”

“विशेष काही नाही, मॅडम. तीनदा गेला, तीनदा पकडला.”

“मग?”

“सेट पुरा होतो.”

बदल्यात काय देणार, असं मॅडमनी विचारलं. प्रीतमनं त्याच सेटमधला पहिल्या नंबरचा, सोनेरी काठाचा कप्तान मानसिंग देऊ केला. शून्य गुणांच्या खेळाडूसाठी कोणी कप्तान देऊ लागलं तर कुणालाही कुतूहल वाटणारच.

“आधी माझं पॅकिंग परत पाठवा, मेहेर,” मॅडम म्हणाल्या. “सोबत मानसिंग. मग मी जरा बघते.”

हे ‘बघते’ प्रीतमला आवडलं नाही. जागृतीनं वेगळाच मुद्दा काढला.

“मानसिंग दिल्यावर परत एकोनचालीसच ना?”

हा हिशेब त्यानं केला नव्हता. तरी त्यानं पॅकिंग आणि मानसिंग घालून पाकीट भरलं. पाठवणाऱ्याचं नाव लिहिताना पेन थांबलं. नुसतं ‘पी. मेहेर’ लिहावं का? मग नेहमीसारखं पूर्ण लिहिलं: प्रीतम मेहेर, सारसोळे. वीस वर्षांत हातात आलेलं सदतीस नंबरचं एकमेव कार्ड दहाव्यांदा निघून गेलं.

आठ दिवस काही आलं नाही. प्रीतमनं दोनदा फोन हातात घेतला आणि परत ठेवला. नवव्या दिवशी पाकीट आलं. त्यानं ते फाडलं, उलटं केलं, झटकलं. आत कार्ड नव्हतं. नुसतं पॅकिंग होतं, नवंकोरं खाकी कव्हर घातलेलं, वर तेच लाल अक्षर: ‘पॅकिंग. परत पाठवणे.’

“ठेवून घेतला बाईनं,” प्रीतम म्हणाला.

जागृतीनं पॅकिंग हातात घेऊन बोटांनी चाचपलं. “जाड लागतंय,” ती म्हणाली, आणि नखानं कव्हर सोडवलं.

एका बाजूला बिस्कीट होतं. दुसऱ्या बाजूला सोनेरी काठाचा कप्तान मानसिंग. आणि दोघांच्या मधे, नव्या पारदर्शक पिशवीत, कुठेही न वाकलेला सदतीस नंबर, मांडीवर थाप मारत.

जागृतीनं कव्हर उलटून पुन्हा वाचलं. ‘परत पाठवणे’च्या खाली, लाल शाईनंच, पण बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘मधला सोडून.’