बुजवलेली विहीर

बहात्तरच्या दुष्काळात सांगोल्याकडच्या मायाप्पाला आणि त्याच्या बायकोला, सारजाबाईला, रस्त्याच्या सरकारी कामावर खडी फोडायला घेतलं. चार महिन्यांनी तो रस्ता त्यांच्याच शेतात येऊन पोचला. मुकादमानं त्यांच्या विहिरीत वाकून पाहिलं आणि म्हणाला, “ही बुजवायची. रस्ता हिच्यावरनं जातोय.” मायाप्पानं हात जोडले. “आमी दोघांनी सात उन्हाळे खपून खणलीय ही. जरा वळसा घ्या की.” “थेंबभर पाणी न्हाय हिच्यात. आन् नकाशा काय मी काढत न्हाय. जमत नसंल तर सांग, हजेरीतनं दोघांची नावं कमी करतो.” घरात रेशनवर मिळणाऱ्या मिलोचं, त्या लाल परदेशी ज्वारीचं, पीठ दोन दिवसांपुरतं उरलं होतं. सारजाबाईनंच दगडांची पहिली पाटी भरून नवऱ्याच्या डोक्यावर दिली. पहिल्या दिवशी दगड तळाला आपटल्याचा आवाज शेतभर घुमला. पाचव्या दिवशी विहीर भरून जमिनीला लागली. पुढच्या साली पाऊस लई झाला. शेजाऱ्यांच्या विहिरी काठोकाठ भरल्या. दुष्काळ संपला म्हणून कामं बंद झाली आणि रस्ता मायाप्पाच्या शेतातच अर्धवट राहिला. त्याच्यावरून एक बैलगाडीसुद्धा कधी गेली नाही. एका सकाळी सारजाबाई कुदळ घेऊन निघाली. “आपणच बुजवली, आपणच उकरू की.” मायाप्पानं तिच्या हातातली कुदळ हळूच काढून घेतली. “सारजे, ती आता आपली इहीर न्हाय. सरकारचा रस्ता हाय.”