सुभद्रा परबांच्या नावाचे चार रिपोर्ट

डॉक्टर मधुरांनी उजेडाच्या काचेवर मॅमोग्राफीचे दोन फोटो शेजारी शेजारी लावले आणि आलटून पालटून दोन्ही निरखले.

समोर तीन खुर्च्या. मधल्या खुर्चीत सुभद्रा परब, वय छप्पन्न. एका बाजूला मुलगा गौतम, दुसऱ्या बाजूला धाकटी जाऊ लतिका. लालबागहून परळच्या या हॉस्पिटलात चालत यायचं तर पंधरा मिनिटं लागतात, पण गौतमने आज टॅक्सी केली होती. तेवढंच त्याच्या हातात होतं.

"मॅडम, आम्ही दरवर्षी करतो," त्याने फाइल पुढे सरकवली. "माझ्या कंपनीकडून आईच्या नावाचं चेकअपचं कूपन मिळतं. एकदाही चुकवलं नाही. हे बघा ना, मागचे चारही नॉर्मल."

चारही रिपोर्ट त्याने प्लास्टिकच्या कव्हरांत घालून तारखेप्रमाणे लावले होते. स्वतःचं पॅनकार्ड शोधायला त्याला अख्खं कपाट उपसावं लागतं. आईच्या बाबतीत मात्र पोरगा भारी टापटिपीचा.

"तेच मला कळत नाहीये," डॉक्टर म्हणाल्या. "गेल्या वर्षी डाव्या बाजूला काहीच नाही. आणि आता एवढी मोठी गाठ, काखेपर्यंत पोचलेली. अकरा महिन्यांत एवढी वाढली असेल तर फार आक्रमक जात म्हणायची. मग उपचारही तसेच जबर धरावे लागतील."

गौतमने आईच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. सुभद्राने पदर सारखा केला. लतिका टेबलाच्या कडेकडे बघत राहिली.

"आणखी एक." डॉक्टरांनी पेनाचं टोक जुन्या फोटोवर टेकवलं. "उजव्या बाजूला हा पांढरा दाणा दिसतोय? कॅल्शियमचा आहे, त्याची भीती नाही. जुन्या चारही फोटोंत आहे. पण असा दाणा आपोआप जात नाही, आणि नव्या फोटोत तो नाहीच. सुभद्राताई, मध्ये कधी ऑपरेशन झालं होतं का?"

सुभद्राने मान हलवली. ती हो म्हणाली की नाही, कोणालाच कळलं नाही. टेबलाखाली तिने लतिकाचा हात गच्च दाबून धरला होता.

लतिकाने तो सोडवून घेतला.

"तो दाणा माझा आहे."

"काकी?"

"मीच जायची रे, गौतम. वयनीच्या नावावर. चारही वेळा मीच."

परबांच्या चाळीत यात कोणाला काही वावगं वाटलं नसतं. खोली अजून वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर, गॅस सुभद्राच्या, लाइटचं मीटर गावी गेलेल्या कुठल्याशा पुतण्याच्या. नाव एकाचं आणि वापर सगळ्यांचा, असेच तिथले संसार उभे राहिलेले. लतिकाची आई याच दुखण्याने गेली होती आणि लतिकाच्या नवऱ्याच्या नोकरीत असली कूपनं नव्हती. पहिल्याच वर्षी सुभद्राने कूपन तिच्या हातात कोंबलं होतं. मला काय धाड भरलीय, तू जा! तपासणी केंद्रातल्या मुलीने सुभद्राचं आधार कार्ड बघितलंही होतं, नाही असं नाही. पण कार्डावरच्या फोटोत सगळ्याच बायका सारख्याच घाबरलेल्या दिसतात.

यंदा मात्र सुभद्रा स्वतः गेली होती. आंघोळ करताना गाठ हाताला लागली, म्हणून.

"आई, मी दरवर्षी विचारायचो तुला," गौतमचा आवाज फाटला. "ऑफिसातून फोन करून विचारायचो, झालं का म्हणून. तू झालं म्हणायचीस."

"झालंच होतं ना," सुभद्रा म्हणाली. "हिचं."

गौतमला फार राग आला. तो कोणावर काढायचा ते मात्र त्याला कळेना. या चार कव्हरांच्या भरवशावर तो चार वर्षं निर्धास्त झोपला होता.

"आधी केलं असतं तर सापडली असती? लहान असताना?" त्याने डॉक्टरांना विचारलं.

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. "ही गाठ किती जुनी आहे ते आता आपल्याला माहीत नाही," त्या हळूच म्हणाल्या. "गाठीचा तुकडा तपासून येऊ दे. मग बोलू."

लतिका तोंडाला पदर लावून रडत होती. "तुझी चार वर्षं मी नेली गो वयनी. मी नेली."

"गप गो. हॉस्पिटल आहे हे."

डॉक्टरांनी जुना फोटो काचेवरून काढला. तो आता या फाइलमध्ये ठेवायचा नव्हता, आणि कोणाला द्यायचा तेही त्यांना चटकन सुचेना. सुभद्राने हात लांब करून तो घेतला आणि लतिकाच्या मांडीवर ठेवला. मग खुर्ची थोडी पुढे ओढली. केसपेपर काढल्यापासून ती पहिल्यांदाच डॉक्टरांकडे सरळ बघत होती.

"डॉक्टर, यंदाचं कूपन माझ्यात गेलं. हिचं राहिलंय. आज आलीच आहे तर हिचंही करून घ्या." ती जरा थांबली. "आणि या टायमाला हिच्याच नावावर करा."