शेजारची उशी

खोकला पुन्हा सुरू झाला आणि हेडसरांचा श्वास पुन्हा निसटला.

मौन शिबिरात बोलायचं नाही, नजरही वर करायची नाही. त्यामुळे शेजारच्या म्हाताऱ्याच्या फक्त भेगाळलेल्या टाचा दिसत. आधी हा मागे कोपऱ्यात बसायचा. मग उशी उचलून नेमका हेडसरांच्या शेजारी आला. कोपऱ्यात खोकून भागलं नसावं.

कशाला येतात ही माणसं? ध्यान म्हणजे फुकटची डुलकी वाटते यांना. हेडसरांची साधना मात्र खोल चालली होती, निदान त्यांचं तसं मत होतं. लहानपणी झाडावरून पडल्यापासून दगा देणारा गुडघा ठणकत होता, पण ते हूं की चूं करत नव्हते.

निघताना बहीण म्हणाली होती, "गप्प बसायला शिबिर कशाला हवं तुला? दादाशी इतकी वर्षं गप्पच आहेस की. आता परत आलास की फोन कर त्याला. थकलाय तो."

आई गेली तेव्हा दोघे भाऊ भांडले, ते अखेरचं बोलणं. फोन करायचं हेडसरांनी कबूल केलं होतं. मन तेवढं मोठं व्हावं म्हणून तर ते इथे आले होते.

एका दुपारी शेजारच्याने आपली उशी त्यांच्या पायापाशी सरकवली. म्हणजे पसाराही दुसऱ्याच्या अंगावर. हेडसरांनी ती पायानेच परत ढकलली आणि संध्याकाळी व्यवस्थापकाला गाठलं. त्याच्याशी तेवढी बोलायची मुभा होती.

"वयस्कर आहेत हो ते," व्यवस्थापक कुजबुजला.

"मग घरी खोकावं. इथे माणसं स्वतःला सुधारायला आली आहेत."

दुसऱ्या दिवशी शेजारची जागा रिकामी होती. काय ती शांतता! हेडसरांना आपण बरेच पुढे गेल्यासारखं वाटलं.

शेवटच्या बैठकीत भंतेंनी सगळ्यांविषयी मैत्री भावना करायला सांगितली. हेडसरांनी दिलदारपणे त्या भेगाळलेल्या टाचांचंही भलं चिंतलं.

मौन सुटलं, फोन परत मिळाले. फाटकाशी उभं राहून त्यांनी दादाचा नंबर लावला. मन खरंच मोठं झालं होतं.

"दादा, मी बोलतोय."

पलीकडून आधी खोकला आला. तो थांबता थांबेना.

"डावा गुडघा कसा आहे?" दादाने विचारलं. "उशी ठेवून घ्यायची होतीस रे."