अंगठ्याचं नख

अण्णांच्या मुलाच्या तेराव्याला आलेला त्याचा पलटणीतला मित्र मान खाली घालून बसला होता. "अण्णा, ऐन वेळी हे त्याच्या रायफलीत अडकलं. निघेचना," म्हणत त्याने रिकामं काडतूस त्यांच्या हातावर ठेवलं.

"पोलादी असेल! पितळ असा दगा देत नाही." अण्णांनी चुंबक आणून लावून पाहिलं. चिकटलं नाही; पितळच होतं.

काडतुसाच्या बुडावर अण्णांच्याच जुन्या कारखान्याचा शिक्का होता आणि साल मुलाच्या भरतीचं. तेव्हा तपासणीला तेच होते. भरतीची बातमी आली त्या दिवशी त्यांनी एका हाताने पेढे वाटत दुसऱ्याने काडतुसं पुढे सरकवली होती.

तपासणीच्या सवयीने त्यांनी अंगठ्याचं नख पितळेवरून फिरवलं. ते अडकलं. चीर जुनीच, घडणीतलीच होती.

"हे कुणी तपासतं तरी का हो?" मित्राने कळवळून विचारलं.

अण्णांनी अंगठा मुठीत लपवला.