तिसऱ्या मजल्यावरची ताई

रक्तदाब तपासायला आलेल्या शिवणकाम करणाऱ्या मावशींना डॉक्टरबाईंनी पट्टा सोडता सोडता विचारलं, "दमता म्हणून कुठं जाणं सुटलंय का?" मावशी म्हणाल्या, "थोरल्या बहिणीकडं. ती अंथरुणाला खिळलीय, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. फोनवरच रडतो आम्ही." डॉक्टरबाई उठल्या आणि हात धरून मावशींना व्हरांड्याच्या टोकापर्यंत घेऊन गेल्या. "गोळ्यांसोबत हे चालणंही औषध. रोज थोडं वाढवायचं." घरचे हसले, "या वयात कसली थेरं!" मावशींनी कानाआड केलं. आधी फाटकापर्यंत जातानाच धापा टाकणाऱ्या मावशी हळूहळू जिनेही चढू लागल्या. आज कठड्याला धरत, थांबत, घामाघूम होऊन त्या तिसऱ्या मजल्यावर पोचल्या. बहिणीनं उशीवरून मान वळवली. "कोणी उचलून आणलं गं तुला?" "कोणाची टाप आहे!" मावशी म्हणाल्या. दोघी इतक्या मोठ्यांदा हसल्या, की खालची शेजारीण धावत वर आली.