ग्राझिनाची तक्रार

चहाच्या सुट्टीची घंटा झाली तशी ग्राझिना हातमोजेही न काढता डेरेकच्या केबिनमध्ये शिरली.

"कायमची जागा झिग्मुंतला देताय म्हणे?"

डेरेक शिफ्टचा मॅनेजर. चहात बुडवलेलं बिस्किट त्याच्या हातात तसंच राहिलं आणि अर्धं तुटून कपात पडलं. "कुणी सांगितलं?"

"इथे काही लपून राहतं का? चार वर्षं मी त्या सरकत्या पट्ट्यापाशी उभी आहे, डेरेक. गावाचा कचरा माझ्या हातांखालून जातो. बाटल्या वेगळ्या, डबे वेगळे, आणि मधूनच लोकांच्या पोरांची भरलेली डायपरं! तो येऊन सात महिने नाही झाले."

चार वर्षं ती एजन्सीमार्फत होती, म्हणजे आज काम आहे, उद्याचं उद्या. कायमची जागा वर्षातून एखादी निघे. यंदाची आपलीच असं ती धरून चालली होती. ती झिग्मुंतला जाणार हे कानावर आल्यापासून तिचा नुसता जळफळाट चालला होता. तो आधी नवऱ्यावर निघाला होता, मग मांजरावर.

"चांगला माणूस आहे," डेरेक म्हणाला. "कधी आजारी पडत नाही, कधी नाही म्हणत नाही. सात महिन्यांत एक तक्रार नाही. तू या आठवड्यात तिसऱ्यांदा आली आहेस."

हे खरं होतं, म्हणून तिला जास्तच झोंबलं.

"तक्रार कशाला करेल तो? राजासारखा राहतो! सकाळी गेटपर्यंत गाडी, संध्याकाळी गेटवर गाडी. मी मेली पावसात चालते. तो गाडीवाला काका आहे ना, चामड्याच्या जाकिटातला, तो ह्याचा पासपोर्टसुद्धा स्वतःच्या खिशात सांभाळतो. आम्हाला कोण असं जपतं? ह्याला काही विचारा, उत्तर काका देणार. ह्याला तोंड उघडायचेसुद्धा कष्ट नाहीत! एजन्सीची यादी काढून बघ. त्या गाडीतून चौघं येतात, चौघांचा पत्ता एक, फोन नंबरसुद्धा एक. वशिला आहे सगळा."

डेरेकने कप खाली ठेवला. "फोन नंबरसुद्धा?"

आपलं कुणीतरी ऐकतंय म्हटल्यावर ग्राझिनाला चेव चढला.

"आणि चिक्कू तर असा! आमच्या पोलंडमध्ये नामदिन असतो, ठाऊक आहे ना? प्रत्येक नावाचा वर्षातला एक दिवस. एक वेळ वाढदिवस राहील, पण नामदिन नाही. ज्याचा दिवस, त्याने सगळ्यांना केक खिलवायचा. मागच्या आठवड्यात झिग्मुंतांचा दिवस होता. आम्ही सगळ्या ताटल्या मांडून बसलो. मी हाक मारली, 'अहो झिग्मुंत, केक कुठाय?' ढिम्म. परत हाक मारली, तरी नाही. शेवटी खांद्याला हात लावला तेव्हा वळला, आणि मी दुसऱ्याच कुणाशी बोलतेय असा बघत राहिला. आता तूच सांग, पोलंडचा माणूस स्वतःचा नामदिन..."

पहिल्या हाकेला तो कधीच वळत नसे, हे तिला आता आठवलं. आजवर तिने ते शिष्टपणात जमा केलं होतं. पण ते नाव त्याचं नसेलच तर?

डेरेक उठला. केबिनच्या दारामागे त्याचं जॅकेट टांगलेलं असे. त्याखाली सहा भाषांतलं एक पोस्टर होतं. कामगारांना कुणी डांबून राबवत असेल तर कुठे कळवायचं, ते त्यावर लिहिलेलं होतं. त्यानेच ते लावलं होतं. वर्षातून एकदा तपासणीला माणसं येत, पोस्टर आहे असं बघून कागदावर खूण करून जात. डेरेकने जॅकेट काढून टेबलावर टाकलं आणि पोस्टरवरचा नंबर फिरवला. बोलणं झाल्यावर त्याने फोन तसाच हातात धरून ठेवला.

"त्याला बोलाव," तो म्हणाला. "काकाला कळता कामा नये. तिकडून माणसं निघाली आहेत. ती येईपर्यंत भाषेसाठी तू थांब."

झिग्मुंत आला. चाळिशीचा असेल. खुर्ची पुढे केली तरी बसला नाही. हेल्मेट पोटाशी धरून उभा राहिला.

"दादा," ग्राझिना त्यांच्या भाषेत म्हणाली, "हे विचारताहेत, तुमचं नाव काय? खरं नाव."

त्याने खिडकीतून गेटकडे बघितलं. गाडी नव्हती. मग हळू आवाजात तिलाच विचारलं, "ताई, तुम्ही माझी तक्रार केलीत?"

"केली," ती म्हणाली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, पण खोटं बोलणं तिच्या स्वभावात नव्हतं.

"साहेबांच्या तोंडावर?"

"हो. तशी मी नेहमीच करते. परवा हातमोजे फाटके आले म्हणून केली, त्याआधी पंखा बंद होता म्हणून."

तो तिच्याकडे टक लावून बघायला लागला. आधी चेहरा, मग मान, मग हातमोज्यांच्या वर उघडी पडलेली तिची मनगटं. एखादी खूण शोधावी तसा तो बघत होता. ती काही त्याला सापडली नाही. मग त्याने आणखी एक गोष्ट विचारली, अगदी साधेपणाने.

ग्राझिनाने हातमोजे काढून टेबलावर ठेवले.

"काय म्हणतोय?" त्याने विचारलं.

"तो विचारतोय," ग्राझिना म्हणाली, "की एवढ्या तक्रारी करून मी घरी जाते, तर तिथे मला कुणी मारत कसं नाही."