चाळिसाव्याची सूचना

दोना मावशींनी पातेलं थेट प्लामेनच्या टेबलावर आदळलं. आत कबरीपाशी वाटायचे, साखर घातलेले उकडलेले गहू होते, काठोकाठ.

"काल माझ्या मिंचोचा चाळिसावा, जाऊन चाळीस दिवस झाले त्याला. कबरीपाशी कोण? मी, पाद्री आणि हे पातेलं! सत्तर माणसांचं शिजवलं होतं मी. तुमच्या साइटवर सूचनाच नाही!"

सेव्हलिएव्हो गावात दारांवर दुखवट्याची पत्रकं चिकटवणं लोकांनी सोडलंच होतं. चाळिसावा, सहा महिने, वर्ष, सगळ्या तारखा घरची माणसं प्लामेनच्या साइटवर नोंदवून मोकळी होत. आठवडाभर आधी सूचना आपोआप झळके.

"असं कसं होईल, मावशी?" प्लामेन हसून म्हणाला. "उलट साइट आता वाऱ्यासारखी पळते. सर्व्हरवरचा ताण मी स्वतः कमी केलाय."

शेजारच्या टेबलावरच्या झोर्नित्सानं झटकन मान वर केली. साइट सांभाळायची ती, आणि रजेवरून आजच परतली होती. साइटच्या पोटातच एक वेळापत्रक होतं. कुणीही पान उघडलं की ते सूचना लावायची सगळी कामं पुन्हा चाळायला बसे आणि सर्व्हर धापा टाकी. ते बंद करायचं, पण आधी सर्व्हरचं घड्याळ लावायचं, म्हणजे दर पंधरा मिनिटांनी एकदाच कामं बघितली जातील. हे तिनं रजेवर जाताना प्लामेनला कागदावर लिहून दिलं होतं. 'आधी' या शब्दाखाली दोन रेघा मारल्या होत्या.

तिनं यादी उघडली. बारा दिवसांत एकही सूचना गेली नव्हती. एकसष्ट अडकल्या होत्या.

"जुनं बंद केलंत. घड्याळ कुठंय?"

"अगं, बंद केल्याबरोबर साइट पळायला लागली. मग म्हटलं, आता कशाला..."

"कशाला? कामच करत नव्हती म्हणून पळत होती ती!" झोर्नित्सा ओरडली. तो साहेब असल्याची भीडभाड तिनं केव्हाच सोडली होती. "एकसष्ट घरं, प्लामेन! अर्ध्या हळकुंडानं पिवळे झालात आणि माझा कागद वाचायचीसुद्धा लाज वाटली तुम्हाला!"

प्लामेनचा चेहरा उतरला. त्यानं पातेलं घाईघाईनं बाजूला सारलं.

"आत्ता लावतो, मावशी. पाच मिनिटांत सगळ्या सूचना जातील. मिंचोकाकांची पहिली."

मावशींनी त्याचं मनगट पकडलं.

"खबरदार! त्याची सूचना आज लावलीस तर गावाला वाटेल, बायकोच नवऱ्याचा दिवस विसरली."